तुडुमाची कळ

रात्रीचे दीड वाजले आहेत. साल २००९, एप्रिल महिना, भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातलं धानाचं एक गाव. तुम्ही अंगणात खाटेवर पडला आहात, पण डोळा लागलेला नाही. या आठवड्यात शेतीची लाइन रात्रीची आहे. ती नेमकी केव्हा येईल हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून सगळं गाव एक कान उघडा ठेवून झोपतं.

"लाइन आली जी!"

कुणीतरी रस्त्यानं ओरडत जातं आणि घराघरांतून बॅटऱ्यांचे झोत बाहेर पडतात. तुम्ही चपला शोधता, काठी घेता, दुपट्टा डोक्याला गुंडाळता. आतून आवाज येतो, "पायाखाली पाहून जा जी." तेवढंच. तुम्ही परत येईपर्यंत ती झोपणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

शेताची वाट तलावाच्या पारीवरून जाते. बाकी महाराष्ट्र जिला पाळ म्हणतो, तिला तुमच्या झाडीपट्टीत पार म्हणतात. उजव्या हाताला तलाव आहे, त्यात पाणी थोडं आणि बेशरमाची झुडपं फार. डाव्या हाताला, खाली, उन्हाळी धानाच्या बांध्या. तलाव आणि बांधी यांच्यात हाकेचं अंतर, तरी तुम्ही तलावाकडे पाठ करून बोअरवेलच्या मोटारीकडे चालला आहात.

बॅटरी दातांत धरून तुम्ही स्टार्टरची पेटी उघडता. बटण दाबता. मोटार घुमते, अडखळते, बंद पडते. व्होल्टेज नाही, कारण या घटकेला डीपीवरच्या सगळ्याच मोटारी एकदम उठल्या आहेत. तिसऱ्या खेपेला ती धरते. पाइपातून आधी नुसती हवा येते, मग गढूळ चूळ, मग धार. तुम्ही धुऱ्यावर बसता. गवतात काही सळसळलं की बॅटरी तिकडे वळते. साप असेल, रानडुक्कर असेल, जंगल लागून असलेल्या शिवारात त्याहून मोठंही काही असेल. धानाला पाणी पाजायचं तर ही भीती सोबत घेऊनच बसावं लागतं.

ही वीज आली कुठून? चंद्रपूरला, कोराडीला कोळसा जळतो, त्याच्या वाफेवर जनित्रं फिरतात, तारा शेकडो खांब ओलांडत तुमच्या डीपीपर्यंत येतात. ती केव्हा सोडायची आणि केव्हा बंद करायची, हे ठरवणारा माणूस तुम्ही कधी पाहिलेला नाही. त्यानं तुमची बांधीही पाहिलेली नाही.

मोटार चालू राहू द्या. उठा, पारीवर परत चढा, आणि या खेपेला तलावाच्या अंगानं खाली उतरा.

*

पायाला पाणी लागत नाही, कारण तलावच नाही. अठराव्या शतकाची सुरुवात आहे. समोर खोलगट माळ, तिन्ही बाजूंनी चढ, चढावर मोह, ऐन आणि बिजा. चांद्याच्या गोंड राजांचा अंमल आहे, आणि या मुलखात कोहळी येऊन राहिले आहेत. आपले पूर्वज बनारसकडून आले असं ते सांगतात. राज्याचा रिवाज असा की ज्यानं तलाव बांधला, त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळावी.

पाऊस नुकताच ओसरला आहे. एक म्हातारा कोहळी गुडघाभर चिखलात उभा राहून वाहत्या ओघळांकडे बघतो आहे. तुम्ही त्याला विचारता, कुठं बांधायचं हे कसं ठरवता? तो ओघळाकडे बोट दाखवतो. "त्यालाच पुसतो आमी. तो जिथं थकते, तिथं पार." त्याच्याकडे नकाशा नाही, दुर्बीण नाही. चढाची पाणी गोळा करायची ताकद किती, कुठली माती पाणी धरते, किती उंचीची पार घातली तर पाणी कुणाच्या घरापर्यंत चढेल, हे सगळं त्यानं डोळ्यांनी आणि पायांनी मोजलं आहे.

आता पार उभी राहताना पाहा. टोपलीमागून टोपली माती येते. चिकणमाती आत, मुरमाड बाहेर. बैल आणि माणसं ती तुडवत जातात, थरावर थर. एका टोकाला जमिनीच्या नैसर्गिक उंचीवर सांडवा ठेवतात, त्याला सलंग म्हणतात. जास्तीचं पाणी तिथून शांतपणे निघून खालच्या तलावात जायचं. खालचा भरला की त्याच्या खालचा. एका तलावाची सांड ही दुसऱ्याची आवक असते, म्हणून वरच्या गावाला खालच्या गावाची आठवण ठेवावीच लागते.

आणि पारीच्या पोटात तुडुम. शेताला पाणी सोडायची वाट. एकाखाली एक भोकं, प्रत्येकात बुच. पाणी जिथवर असेल तिथलं बुच काढायचं, खाली पाटात धार लागते आणि पाटातून एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरत जाते. म्हातारा तुमच्या हातात एक बुच देतो. लाकडाचा साधा तुकडा आहे, मुठीएवढा. हे केव्हा काढायचं, कुणाच्या बांधीपासून सुरुवात करायची, किती दिवस उघडं ठेवायचं, हे गाव बसून ठरवतं. आणि बुच काढायला जो माणूस जातो, त्याला अख्खं गाव नावानं ओळखतं.

अशा कोहळ्यांपैकीच एक कोलू पाटील. नवेगावबांधचा अफाट तलाव त्याच्या नावानं सांगितला जातो. तो आज गोंदिया जिल्ह्यात मोडतो, पण १९९९ साली जिल्हे वेगळे होईपर्यंत भंडाऱ्यातच होता. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव उभे राहिले. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात तो त्यांच्यामुळे.

हातातलं बुच अजून ठेवू नका, एक हिशेब करू. एक एकर बांधीत दहा सेंटिमीटर पाणी उभं करायचं म्हणजे सुमारे ४०० टन पाणी लागतं. ते शंभर फूट खोलीवरून उपसायचं तर, पंपात वाया जाणारं धरून, ७०-८० युनिट वीज जाते. एका एकराला, एका पाण्याला. या तुडुमातून तेच ४०० टन पाणी एकही युनिट न जाळता बांधीत पोचतं. मग ते उचललं कुणी? सूर्यानं. त्यानं समुद्रातून वाफ वर नेली, वाऱ्यानं ती इथवर आणली, वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस या चढांवर पडला, आणि कोहळ्यांनी एवढंच केलं की ते पाणी शेताच्या पातळीवर घसरायच्या आधी वरच्या वर अडवलं. पाण्याची ती उंची म्हणजेच साठवलेली ऊर्जा. आपण ज्याला आज सौर ऊर्जा म्हणतो, तिची ही भंडाऱ्यातली पहिली बॅटरी. मातीची, तीनशे वर्षं टिकलेली, आणि गावाच्या मालकीची.

*

गावाच्या मालकीची म्हटलं खरं. आता दीडशे वर्षं पुढे या आणि ते तपासून पाहा.

१८५३ साली नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. त्यानंतरच्या दशकातल्या जमीनबंदोबस्तात साखळी घेऊन मोजणीदार आले आणि जो गावाचा सारा गोळा करत होता, तो मालगुजार गावाचा मालक म्हणून कागदावर चढला. तलावही त्याचा झाला. गावाला राहिला तो निस्ताराचा हक्क. तलावाचं पाणी, गुरांचं पिणं, जंगलातलं सरपण, यांचा वहिवाटीप्रमाणे वापर. वाजिब-उल-अर्ज नावाच्या दप्तरात त्या वहिवाटी लिहिल्या गेल्या.

उन्हाळ्यात तलाव आटला की तुम्ही इथं उभे राहा. गाळ निघतो आहे. तो बंड्यांत भरून बांध्यांत टाकला जातो, त्यानं जमीन सुपीक होते आणि तलाव खोल राहतो. पारीवर पडलेली घळ बुजवली जाते. पाण्याच्या पाळ्या लावायला माणूस नेमलेला आहे. मासळीवर ढिवरांची उपजीविका चालते. काठावर देवधान उगवतो, तो बाया उपासाला झोडून नेतात. व्यवस्था चालू आहे, तलाव जिवंत आहे.

पण गाळाची टोपली डोक्यावर घेतलेल्या माणसाकडेही नीट पाहा. त्याला आज मजुरी मिळणार नाही, ही बेगार आहे. तलावाखाली त्याची एक बांधीही नाही. मालगुजाराच्या वाड्यावर त्याला खाली बसावं लागतं. बुच गावात होतं हे खरं, पण गावातल्या सगळ्यांच्या हातात नव्हतं. जुन्या तलावांचं प्रेम मला पुष्कळ आहे, म्हणूनच हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला अप्रामाणिक वाटतं. पुढच्या सगळ्या मुक्कामांवर हा टोपलीवाला माणूस तुमच्या सोबत असू द्या.

*

३१ मार्च १९५१. आदल्या वर्षीच्या कायद्यानं मालगुजारी संपली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात आहे आणि राजधानी नागपूर. गावात आनंद आहे, तो रास्त आहे. बेगार मागणारा वाडा आता कुणाचा मालक नाही. पण त्याच दिवशी तलाव सरकारजमा झाले. त्यांचं नावसुद्धा बदललं: माजी मालगुजारी तलाव, तोंडी बोलताना मामा तलाव. पुढे मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे गेले, लहान जिल्हा परिषदेकडे, मासेमारी ठेक्यावर. प्रत्येक तुकड्याला खातं मिळालं आणि अख्ख्या तलावाला कुणीच उरलं नाही. मालगुजार गेला तेव्हा बुच गावाच्या हाती यायला हवं होतं. ते गावावरून उडी मारून कचेरीत गेलं.

तीन वर्षं पुढे चला. १९५४चा मे महिना, रणरणतं ऊन. भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक आहे आणि उमेदवार आहेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सभेच्या गर्दीत तुमच्या शेजारी तो टोपलीवाला माणूस उभा आहे, आणि आज तो ताठ उभा आहे.

व्यासपीठावरच्या या माणसाचा विजेशी असलेला संबंध त्या गर्दीत फार थोड्यांना ठाऊक असेल. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं, आणि देशातल्या विजेच्या आणि मोठ्या नद्यांच्या नियोजनाचं काम त्याच खात्यात झालं. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या देखरेखीखाली आकाराला आली. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच काळात उभं राहिलं. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजधोरणाच्या समितीसमोर बोलताना त्यांनी अगदी आरंभीच्या प्रश्नांत हा प्रश्न ठेवला होता, की वीज सरकारच्या मालकीची असावी की खासगी कंपन्यांच्या. वीज स्वस्त आणि भरपूर मिळाल्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योग वाढल्याशिवाय माणूस दारिद्र्यातून सुटणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. त्यांच्या लेखी विजेचा प्रश्न हा माणसाच्या सुटकेचा प्रश्न होता.

ती निवडणूक ते हरले. पण विजेचा मालक कोण, हा त्यांचा प्रश्न भंडाऱ्याच्या मातीत त्या दिवसापासून पडून आहे असं मला वाटतं.

*

२२ एप्रिल १९८८. पवनीजवळ वैनगंगेच्या काठावर मांडव घातला आहे. पंतप्रधान राजीव गांधी गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसवत आहेत. खर्चाचा अंदाज ३७२ कोटी, भिजणारं क्षेत्र अडीच लाख हेक्टर. आकडा ऐकताच टाळ्या पडतात. तुम्हीही वाजवा, कारण तुमच्याही मनात तेच आहे: पाणी येईल.

मग वर्षं भराभर पुढे सरकू द्या. कालवे रखडतात. २००९ साली प्रकल्पाला राष्ट्रीय दर्जा मिळतो. खर्च अठरा हजार कोटींच्या वर जातो. ३३ दरवाजांची भिंत उभी राहते, तिच्यामागे वैनगंगा फुगते आणि काठावरची गावं उठतात. घराची चौकट काढून ट्रॅक्टरवर टाकलेली, तुळशीवृंदावन तसंच राहिलेलं, म्हातारी मागे वळून वळून बघते आहे. दरवाजे केव्हा उघडायचे हे आता एका नियंत्रण कक्षात ठरतं. ज्यांची गावं त्या पाण्याखाली गेली, त्यांच्यापैकी कुणाचा हात त्या कळीवर नाही.

धरण नको होतं असं मी म्हणत नाही. अडीच लाख हेक्टर भिजवायचं तर मातीच्या पारी पुरणार नाहीत. पण याच काळात सहा-सात हजार तलाव गाळानं भरत होते, तुडुमं मोडत होती, आणि पारीच्या सावलीत माणसं बोअर मारत होती. तुमच्या २००९च्या रात्रीची वाट इथून सुरू होते.

*

आता डोळे मिटा आणि फार लांब चला. नोव्हेंबर २०१९, अमेरिकेतलं ॲरिझोना राज्य, नवाहो लोकांची भूमी. लाल खडकांचं पठार, कोरडी थंडी, क्षितिजावर तीन उंच धुरांडी. आज त्यांतून धूर निघत नाही. २,२५० मेगावॉटचं हे औष्णिक केंद्र चार दशकं चालून नुकतंच बंद झालं आहे.

ते चालत होतं नवाहो आणि होपी लोकांच्या जमिनीतून निघणाऱ्या कोळशावर. त्याची वीज काय करत होती, हे ऐका. कोलोरॅडो नदीचं पाणी उचलून, वाळवंट ओलांडून, फिनिक्स आणि टूसॉन या शहरांकडे नेणारे प्रचंड पंप चालवत होती. आणि त्या तारांखाली राहणाऱ्या हजारो नवाहो घरांत दिवा नव्हता. बाया रॉकेलच्या उजेडात स्वयंपाक करत, पाणी पिंपांतून गाडीवर आणत. कोळसा त्यांचा, धूर त्यांचा, पाणी आणि उजेड दुसऱ्यांचा.

पण थोडं पुढे, कायेंटा नावाच्या गावाजवळ वळा. तिथं माळावर सौर पट्ट्यांच्या रांगा सूर्याकडे तोंड करून उभ्या आहेत. २०१७ साली सुरू झालेला हा २७ मेगावॉटचा प्रकल्प नवाहोंच्या स्वतःच्या वीज संस्थेचा आहे. ही संस्था त्यांनी १९५९ साली उभारली. पट्ट्या बसवायला त्यांचीच माणसं शिकली. आणि त्याच २०१९ साली बाहेरगावच्या वीजमंडळांतले तारकर्मी येऊन, त्यांच्या बरोबरीनं खांब उभारून, दूरदूरच्या एकेका घरात दिवा लावत आहेत. एखाद्या घरातली आजी पहिल्यांदा बटण दाबते आणि जरा वेळ हात तसाच ठेवते.

त्या आजीचा हात ओळखीचा वाटला ना? तुम्हीही तीनशे वर्षांपूर्वी ते बुच असंच धरलं होतं.

असा हात बघायला सातासमुद्रापारच जायला हवं असंही नाही. २०१२ साली पुणे जिल्ह्यातल्या सह्याद्रीत दरेवाडी नावाची आदिवासी वस्ती होती, चाळीसेक घरांची. तारा तिथं पोचल्याच नव्हत्या. ग्राम ऊर्जा या संस्थेनं तिथं छोटं सौर वीजकेंद्र उभारलं, पण चालवायला दिलं वस्तीच्या विश्वस्त मंडळाला. घरोघरी मीटर, वापराप्रमाणे पैसे, आणि ते पैसे वस्तीच्याच खात्यात, उद्याच्या बॅटऱ्यांसाठी. पिठाची गिरणी केव्हा चालवायची, कुणी किती वीज घ्यायची, हे बसून ठरायचं. शब्द बदला, वीज काढून पाणी घाला, आणि सांगा हे तुडुमाचंच शास्त्र आहे की नाही.

*

११ डिसेंबर २०२४. दिल्लीचं विज्ञान भवन. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू राष्ट्रीय पंचायत पुरस्कार देत आहेत. कार्बन न्यूट्रल विशेष पंचायत पुरस्कारात देशात पहिलं नाव पुकारलं जातं: बेला, जिल्हा भंडारा, महाराष्ट्र. सरपंच शारदा गायधने मंचाकडे जातात.

बेला तुम्हाला माहीत आहे. भंडारा शहराला लागूनचं गाव, नागपूरहून येताना लागतं. एखाद्या गावानं आपल्या कार्बनचा हिशेब करायचा म्हणजे काय करायचं? चुलीत किती लाकूड जळतं, दुचाकीत किती पेट्रोल, रस्त्यावरच्या दिव्यांना किती वीज, कचरा जळतो की कुजतो, आणि याच्या बदल्यात झाडं किती आणि छतावरच्या पट्ट्या किती. पूर्वी गाव पाण्याचा हिशेब करायचं, आता हवेचाही करतं आहे. मला यातला पुरस्कार तितका मोलाचा वाटत नाही, जितकी हिशेबाला बसलेली पंचायत वाटते. आणि मंचाकडे जाणारी ती बाई. मालगुजाराच्या वाड्यावर निर्णय होत तेव्हा कुठलीही बाई त्या ओट्यावर बसलेली तुम्ही पाहिली नव्हती.

तिकडे तलावांच्या बाजूनंही काम चाललं आहे. मनीष राजनकर यांचं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ अर्जुनी मोरगावच्या भागात ढिवर समाजाबरोबर, त्यातही ढिवर बायांबरोबर, मामा तलाव जिवंत करत आलं आहे. बेशरम मुळासकट उपटायची, तलावाचा तळ नांगरायचा, देशी पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, देशी मासे परत आणायचे. वनस्पती आल्या की मासे येतात, मासे आले की पक्षी. कुठली वनस्पती कुठल्या माशाच्या अंड्यांना आसरा देते हे पुस्तकात सापडत नाही, ढिवरांच्या जिभेवर सापडतं. तंत्रज्ञान म्हणजे फक्त काच आणि सिलिकॉन असं समजणाऱ्यानं एक दिवस या बायांबरोबर चिखलात उतरावं.

*

आता घरी परत या. तेच गाव, तीच पार, एप्रिलचाच महिना, पण साल आजचं आणि वेळ सकाळी अकराची. बांधीच्या कडेला सौर पट्ट्या उभ्या आहेत. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेतला तीन अश्वशक्तीचा पंप, अडीच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला मिळतो तो. सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या दहा टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्के. रात्रीची हाक नाही, काठी नाही, दातांत बॅटरी नाही. ज्यानं एक तरी रात्र त्या धुऱ्यावर काढली आहे, त्याला दिवसाच्या पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. घरातली बाई रात्री झोपते, ही काही लहान प्रगती नाही.

पण थांबा. या पंपाला वीजबिल नाही. सूर्य आहे तोवर तो चालू ठेवायला एक पैसा लागत नाही, आणि जे फुकट चालतं ते बंद करायला माणूस विसरतो. शेजारी पंप, त्याच्या शेजारी पंप, सगळ्यांच्या नळ्या जमिनीखाली एकाच पाण्यात. पूर्वी निदान लोडशेडिंग त्यांना थांबवत होतं. आता गावानं थांबवलं नाही तर कुणी थांबवणार नाही.

तेच पट्ट्यांच्या मालकीचं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या जमिनींवर मोठे सौर प्रकल्प येत आहेत, जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे. भाडं चांगलं आहे, दिवसा वीज त्याहून चांगली आहे. पण गावानं भाडेकऱ्याकडे बघणाऱ्या घरमालकासारखं नुसतं ओट्यावर बसू नये. ग्रामसभेनं शिकावं, हिशेब मागावा, जमेल तिथं स्वतःच्या छताची, स्वतःच्या पंचायतीची वीज स्वतःच्या नावावर उभी करावी. आणि भूमिहीन टोपलीवाल्याचा वाटा त्यात पहिल्या दिवसापासून लिहावा. तलावाच्या वेळी तो राहिला होता.

तुमच्या बांधीत मातीत रोवलेली एक नळी आहे, हातभर लांबीची, खालच्या अंगाला भोकं पाडलेली. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं सांगितलेली ही युक्ती. धानाला सदा तुडुंब पाणी लागतं ही आपली समजूत. खरं तर पाणी जमिनीखाली पंधरा सेंटिमीटर उतरेपर्यंत मुळांना ते मिळत राहतं. तेवढं उतरलं की मगच पुन्हा द्यायचं, फक्त फुलोऱ्याच्या दिवसांत बांधी भरलेली ठेवायची. त्यानं पाणी वाचतं, आणि साचलेल्या चिखलातून हवेत जाणारा मिथेनही घटतो.

तुम्ही नळीत काडी घालून बघता. पाणी आठ सेंटिमीटर खाली आहे. ऊन लखलखीत, पट्ट्या तापलेल्या, पंप जोरात धार टाकतो आहे. पारीवरून शेजारचा म्हातारा येतो, खांद्यावर फावडं. या उन्हाळ्यात गावानं तलावातला गाळ काढायला घेतला आहे.

"पानी पुरला का जी?" तो विचारतो.

तुम्ही काडी त्याला दाखवता. तो हसतो, फावडं दुसऱ्या खांद्यावर घेतो आणि तुमची वाट बघत उभा राहतो.

तुम्ही पेटीशी जाता आणि कळ खाली करता. धार बारीक होते, थांबते. मग फावडं उचलून त्याच्या मागोमाग पारीवर चढता. आज तुडुमाचं तोंड मोकळं करायचं आहे.